टांगा नंबर ३१८: दुरुस्तीच्या नोंदी

जुन्या नाशकात एका वाड्याच्या मागच्या पडवीत हा टांगा १८ वर्षं उभा होता. आम्ही चारपाच जण मिळून शहराच्या जुन्या वस्तूंची एक खोली चालवतो, तिच्यासाठी तो मिळाला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सुतारकाम आणि लोहारकाम मला येत नव्हतं, आणि आता येतं असंही म्हणणार नाही. तुमच्या गावात असा टांगा, बग्गी किंवा छकडा पडून असेल तर माझ्या चुका तुम्हाला टाळता याव्यात, म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवते आहे. मालकांना मी चाचा म्हणते, पूर्ण नाव त्यांनी लिहू नको म्हणून सांगितलं आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पाहणी. टांग्यावर कोंबड्यांचा खुराडा, दोन सायकली आणि पत्र्याचे तुकडे. ते उतरवायलाच तास गेला. टपाचं कापड फाटून लोंबतंय, टपाची लोखंडी कांब शाबूत आहे. मागच्या बैठकीतला काथ्या उंदरांनी नेलेला. उजवं चाक मातीत चार इंच रुतलेलं.

मापं: चाकाचा व्यास ४८ इंच. प्रत्येक चाकाला १४ आरे आणि परिघाला लाकडाचे ७ तुकडे, म्हणजे एका तुकड्यात दोन आरे. आरे आणि तुंबा (चाकाच्या मधला, आस ज्यातून जातो तो ठोकळा) बाभळीचे, बैठकीच्या फळ्या सागाच्या. बाहेरून लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, तिच्या खोबणीत भरीव रबर. रबर दगडासारखं कडक झालंय आणि निम्म्याहून थोडं अधिकच शिल्लक आहे.

उजव्या चाकाखाली बारीक पीठ पडलेलं. चिमटीत घेतलं तर मैद्यासारखं. आऱ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. लाकूड पोखरणारा किडा अजून जिवंत आहे, हे त्या ताज्या पिठावरून कळलं.

काहीही हलवण्याआधी १४० फोटो काढले. हे एक काम मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर झालं. पुढे प्रत्येक वादात ते फोटोच उपयोगी पडले.

१९ जानेवारी

हलवायचा दिवस. टेम्पो १,८०० रुपये. वाड्याची बोळ इतकी अरुंद की तुंब्यासकट टांगा बाहेर पडेना. आत आणला कसा, विचारलं तर चाचा म्हणाले, "आणला तेव्हा ती भिंत नव्हती."

चाकं काढावी लागली. डावं चाक खीळ काढल्यावर दहा मिनिटांत आलं. उजव्याचं वंगण वाळून डांबर झालेलं. रॉकेलचे बोळे लावून तीन तास थांबलो, तेव्हा हललं. या गडबडीत माझी पहिली मोठी चूक झाली. चाकं नसलेला सांगाडा दोघांनी पुढच्या दांड्या धरून उचलला. दांड्या ओढ घेण्यासाठी असतात, सगळं वजन पेलण्यासाठी नसतात. डावी दांडी मुळाशी तडकली, आठ इंचांची उभी चीर गेली. उचलायचं ते आसाखाली दोर घालून, नाहीतर आसाखाली फळी सरकवून. हे मला चाचांना आधी विचारता आलं असतं. ते तिथेच खुर्चीवर बसले होते.

२६ जानेवारी

किड्यांचा बंदोबस्त. चाचांचा उपाय होता डिझेल. गावाकडेही बैलगाडीला सगळे तेच करतात. मी नको म्हटलं, कारण डिझेल लाकडात मुरतं, वर्षानुवर्षं वास मारतं आणि रंगाच्या थराखाली शिरून रंग सोडवतं.

जिथे लाकूड उघडं आहे तिथे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं कोमट द्रावण ब्रशने तीन वेळा दिलं. पण रंगलेल्या भागातून ते आत जात नाही, आणि किडा तर आतच आहे. म्हणून दोन्ही चाकं जाड प्लास्टिकमध्ये बंद केली, आत ऑक्सिजन शोषणारी पाकिटं टाकली, कडा गरम इस्त्रीने चिकटवल्या. ऑक्सिजन जवळपास संपला की अंडी, अळी, किडा सगळं मरतं. विष लागत नाही, रंगाला धक्का लागत नाही. उबेत तीनचार आठवडे पुरतात. नाशिकच्या थंडीत किडे सुस्त असतात आणि कमी श्वास घेतात, म्हणून मी पाच आठवडे धरले.

सागाच्या फळ्यांना या किड्याने तोंड लावलेलं नाही. बाभळीतही त्याने बाहेरचं फिकट लाकूड खाल्लंय, आतलं तांबूस सोडलंय. आरा वरून चाळणी झालेला दिसला तरी लगेच फेकून देऊ नका. टाचणी खुपसून पाहा, गाभा टणक असू शकतो.

४ फेब्रुवारी

पिशवीत ठेवलेली दर्शक गोळी गुलाबी हवी होती. आज पाहिली तर निळी. म्हणजे आत हवा शिरते आहे. धावेच्या एका खिळ्याने प्लास्टिकला टाचणीएवढं भोक पाडलं होतं. नऊ दिवस वाया गेले आणि सगळी पाकिटं निकामी झाली. ती पुन्हा मागवली. या खेपेला धावेभोवती आधी जुनी चादर गुंडाळली, मग प्लास्टिक. आजपासून पुन्हा पहिला दिवस.

९ फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला जड जातंय.

चाकं पिशवीत, म्हणून सांगाड्याचं काम घेतलं. बाहेरून निळा ऑइलपेंट, उडालेला, पोपडे धरलेला. एका कोपऱ्यात नखाएवढी जागा ब्लेडने थरथर खरवडली. निळ्याखाली लाल, लालाखाली पिवळट, सगळ्यात खाली गडद हिरवा. हिरव्यावर सोडियम सल्फाइडचा थेंब टाकला, तो काळा पडला. शिसं आहे. (म्हणून इशारा: जुना रंग कोरडा घासू नका. धूळ उडते आणि ती विषारी असते. ओला करा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.)

हिरवा म्हणजे मूळ रंग, आणि संग्रहालयात मूळ रूप दिसायला हवं, असं मी ठरवून टाकलं. कोणाला विचारलं नाही. मागच्या डाव्या फळीवर रंग उतरवायचं रसायन लावलं आणि दीड तासात वीतभर रुंदीचा पट्टा हिरव्यापर्यंत उतरवला. काम सुबक झालं होतं, मी खूषही झाले. संध्याकाळी सकाळचा फोटो शेजारी धरला तेव्हा दिसलं की निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत टांग्याचा नंबर होता. पोपड्यांमुळे सकाळी तो नजरेला आला नव्हता. आता पट्ट्याच्या कडेला फक्त "३" उरला आहे, आणि पुढच्या आकड्याची एक उभी रेघ.

१६ फेब्रुवारी

चाचांना बोलावलं आणि काय झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. हिरवा पट्टा पाहून म्हणाले, "हा अब्बांचा रंग. मला आठवतसुद्धा नव्हता."

मग मी बाकीचे थर दाखवले आणि त्यांनी जे सांगितलं त्यावरून माझं सगळं गणित उलटं झालं. टांग्याला रंग दरवर्षी मिळायचा नाही, तेवढे पैसे नसायचे. पण सिंहस्थ आला की सगळे टांगेवाले गाडी रंगवायचे, कारण त्या महिन्यांत स्टेशनवरून पंचवटीपर्यंत दिवसरात्र सवारी. पिवळा १९८० च्या सिंहस्थाचा. लाल १९९१ चा. निळा २००३ चा, तो त्यांनी आणि त्यांच्या मुलाने दोन रात्रीत मारला. त्यानंतर चार वर्षांनी टांगा उभा राहिला. २०१५ चा सिंहस्थ त्याने पडवीतच काढला.

मी जो थर घाण समजून उतरवला तो एका सिंहस्थाचा होता. हिरवा मूळ, हे खरं. पण हिरव्या टांग्यात बसलेली नाशिककर माणसं आता थोडी उरली आहेत. निळ्यात बसलेले तर आम्हीच. माझी आई २००४ मध्ये शालिमार चौकावरून याच रंगाच्या टांग्यातून घरी आली होती, याच टांग्यातून नसेल, पण अशाच. आम्ही शाळेत होतो तेव्हा मागच्या बैठकीवर उलटं तोंड करून बसायला भांडायचो, रस्ता मागे पळताना दिसायचा म्हणून. मला वाचवायची होती ती ही गाडी, आणि मी तिच्याखालची दुसरीच गाडी शोधत बसले.

रात्री खोलीतले दिवे बंद करून मोठी बॅटरी फळीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरली. हिरव्यावर दोन आकड्यांच्या कडा केसभर उठून दिसल्या. पहिल्या रंगाच्या वेळी काढलेल्या आकड्यांची जाडी खाली राहून गेली होती. "१" आणि त्यापुढे वरून निमुळतं काहीतरी, अर्धवट. चाचांना फोन केला. वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "तीनशे अठरा. विचारायचं ना मला."

१७ फेब्रुवारी

आज हाताने काम केलं नाही, नियम लिहून भिंतीला लावले. एक, रंग कुठेही उतरवायचा नाही, सुटणारा पोपडा जिथल्या तिथे पातळ डिंकाने बसवायचा. दोन, जे आपोआप मोडत जाईल तेवढंच दुरुस्त करायचं. तीन, जे लावू ते उद्या काढता आलं पाहिजे. चार, आधी चाचांना विचारायचं.

माझा हिरवा पट्टा तसाच राहणार. त्यावर निळा मारून चूक झाकायची नाही, असं आम्ही ठरवलं.

२ मार्च

आणखी एक नुकसान, यात चूक मदतनिसाची म्हणण्यापेक्षा माझीच. एका विद्यार्थ्याला पितळी दिवा पुसायला दिला, कशाने पुसायचा ते सांगितलं नाही. त्याने घरी करतात तसं चिंच-मीठ लावून तासभर ठेवलं. तांब्या-भांड्याला हे चालतं, पुन्हा पुन्हा घासलं जातं म्हणून. जुन्या पितळेतलं जस्त मात्र आंबटाने आणि मिठाने निघून जातं आणि वर तांबं उरतं. दिव्याच्या टोपणावर आता गुलाबी डाग आहेत आणि ते परत पिवळे होणार नाहीत. तांबट गल्लीत एका जुन्या कारागिराला दाखवला. तो म्हणाला, पॉलिश मारलं तर वरून सारखं दिसेल, पण नक्षी आणखी झिजेल. तसाच ठेवला. दुसरा दिवा फक्त मऊ कापड आणि थोड्या स्पिरिटने पुसला. आता दोन्ही शेजारी ठेवले की फरक कोणालाही दिसतो.

१६ मार्च

४० दिवसांनी पिशवी उघडली. चाकांखाली काळा कागद अंथरून ठेवलाय, नवीन पीठ पडतं का पाहायला.

दरम्यान कमानी (टांग्याच्या स्प्रिंगा) आणि आस झाले. सुटा गंज पितळी तारेच्या ब्रशने काढला, मग टॅनिक ॲसिडचं पातळ द्रावण. तांबूस गंज दहा मिनिटांत निळसर काळा होतो आणि घट्ट बसतो. लाकडावर थेंब पडू देऊ नका, लोखंडाजवळच्या लाकडावर शाईसारखा डाग पडतो. बाभळीत मुळातच टॅनिन असतं. खिळ्यांभोवतीची काळी वर्तुळं दिसतात ती त्यामुळेच. ते कुजणं आहे असं मला आधी वाटलं होतं.

१९ मार्च

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात ते जुने हौद) उघडल्या, सुतारकाका सकाळी रहाडीत उडी मारून आले ते थेट रात्री घरी. काम बंद.

२३ मार्च

आज काका आले. काळ्या कागदावर आठवडाभरात काही पडलेलं नाही.

उजव्या चाकाचे १४ पैकी ४ आरे पोकळ वाटत होते. टाचणीने तपासल्यावर एकाचा गाभा शाबूत निघाला, म्हणजे ३ बदलायचे. काकांचं म्हणणं, तीन काय आणि चौदा काय, सगळे नवे घालतो, चाक पन्नास वर्षं बघायला नको. चालणाऱ्या गाडीसाठी ते बरोबरच बोलत होते. मी फोटो काढून दाखवला. पायरीच्या बाजूच्या आऱ्यांना एका जागी गुळगुळीत खळगा पडला आहे. चढताना लोक तिथे हात टेकवायचे, असं चाचांनी सांगितलं होतं. काकांनी त्या खळग्यात अंगठा ठेवून पाहिला आणि म्हणाले, "हे नाही करता यायचं मला." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

बाभळीचं जुनं, वाळलेलं लाकूड वखारीत शोधायला दोन दिवस गेले. ओलं घेऊ नका, आक्रसून आरा ढिला होतो. तीन आरे वाकसाने आणि पटाशीने उतरवले, तुंब्यातला सांधा दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त ठेवून बसवताना घासला. चिकटवायला काकांना फेव्हिकॉल हवा होता, मी सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासूनचा जुना गोंद, आणला होता. सरस गरम पाण्याने सुटतो. पन्नास वर्षांनी कोणाला माझं काम चुकीचं वाटलं तर त्याला ते उलगडता यायला हवं. सरस शिजवायला त्यांना कंटाळा आला, खरं तर वासही येतो, पण त्यांच्या वडिलांचं भांडं होतं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून आणलं.

नव्या आऱ्यांना रंग नाही. आतल्या बाजूला पेन्सिलीने "२०२५" लिहिलं. तडकलेली दांडीही सरसाने बांधली, वर सुताचा वेढा.

सुतारकामाचे एकूण सहा दिवस झाले.

१३ एप्रिल

धाव. चाक आक्रसल्याने धाव खुळखुळते, एका बाजूला दोन सूत फट. मला ती पारंपरिक रीतीने चढवायची होती. हिशोबही केला होता: चाकाचा परीघ सुमारे ३,८३० मिलिमीटर. लोखंड ५०० अंशांनी तापवलं तर जवळपास २३ मिलिमीटर वाढतं. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, चाकावर टाकायची, वरून पाणी. गार होताना ती सगळे सांधे एकत्र आवळते. खिळ्यांशिवाय चाक घट्ट राहण्यामागे हीच युक्ती आहे.

लोहारदादांनी हिशोब ऐकून घेतला आणि एकच विचारलं, "ताई, घोडा जुंपणार आहात का?" नाही म्हटल्यावर त्यांनी काम नाकारलं. आता चढवायची तर आधी धाव कापून आखूड करावी लागेल, पुन्हा सांधावी लागेल. रबराचा उरलेला भाग जळेल, चाकाच्या कडेचा निळा रंग जळेल. उभ्या गाडीसाठी एवढं कशाला? त्यांनी फटीत सागाच्या पातळ पट्ट्या सरसात बुडवून सरकवल्या. बैलगाडीवाले उन्हाळ्यात असंच पाचर मारून वेळ भागवतात. अडीच तासांत काम झालं. मी १,५०० दिले, ते हजार मागत होते.

भट्टीची तयारी म्हणून मी आणलेल्या गोवऱ्या त्यांनी बरोबर नेल्या.

२७ एप्रिल

खोलीतली आर्द्रता १९ टक्क्यांवर आली आहे. जानेवारीत ५५ होती. उजव्या बाजूच्या सागाच्या फळीला नवी चीर पडली, एक फूट लांब. खोली पश्चिमेकडची, दुपारी चारनंतर भिंत तापते, आणि मी पंखा सतत टांग्यावर रोखून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. पंखा काढला. खिडकीला बाहेरून गोणपाट लावलं, ते दिवसातून दोनदा भिजवतो. आर्द्रता ३५ च्या आसपास आली. चीर भरलेली नाही, पावसाळ्यात ती मिटेल आणि भरलेलं बाहेर ढकललं जाईल.

पडवीत १८ उन्हाळे काढलेल्या फळीला माझ्या खोलीत तीन महिन्यांत चीर पडली. पडवीत शेणामातीची जमीन होती, तिच्यात ओल असायची. टांगा घरात आणला म्हणजे त्याचं भलं झालं असं धरून चालू नका. हवामापक पहिल्या दिवशी आणा, मी मार्चमध्ये आणला आणि तोपर्यंतचे आकडे शेजारच्या प्रयोगशाळेतून घ्यावे लागले.

११ मे

मुंबईला जाऊन आले. बेस्टचं संग्रहालय आणिक आगारात आहे, मांडणी कशी करतात ते पाहायचं होतं. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ ला, आणि शेवटची ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. हे सगळं तिथे नीट सांगितलं जातं. मी सर्वात जास्त वेळ तिकिटांपाशी थांबले. ट्रामची प्रतिकृती पाहून ट्राम कशी होती ते कळतं, पण तिकीट कोणाच्या तरी हातात होतं.

परतताना गाडीत आमच्या पाटीचा मजकूर लिहिला. नाशिककरांना हे सांगायचंच होतं की आपल्याकडेही ट्राम होती. नाशिकरोड स्टेशनपासून मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत, अडीच फूट रुंदीच्या रुळांवर. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. तिचे सल्लागार अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली, तीही अडीच फुटीच. ती ट्राम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी तिचं कंबरडं मोडलं होतं. टांगा तिच्या आधीही स्टेशनवर उभा होता आणि नंतर सत्तर वर्षंही. रूळ नको, कंपनी नको, एक घोडा आणि एक घर. ट्रामचा डबा नाशकात मी कुठे पाहिलेला नाही. म्हणून स्टेशन ते गाव ही वाट दाखवायला आमच्याकडे आहे तो हा टांगाच.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचंही पाटीवर एक वाक्य आहे: २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते, निकाल योग्यच होता. चाचांना हे वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या घोडीला डांबरावर मोच आली होती त्या वर्षाबद्दल अर्धा तास बोलले. ते सगळं मी मोबाइलवर टिपून ठेवलं आहे.

८ जून

जोडणी. चाकांवर वजन ठेवायचं नाही. वर्षानुवर्षं एकाच आऱ्यावर भार आला की चाक बसतं. आसाखाली लोखंडी घोडी (टेकू) दोन बाजूंना, मध्ये जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचं कापड), चाकं जमिनीपासून अर्धा इंच अधांतरी. लांबून कळत नाही.

दांड्यांच्या उंचीवरून मात्र दोन रविवार गेले. घोडा नसला की टांगा पुढे झुकतो. मी दांड्या ३६ इंचांवर टेकवल्या, दिसायला ठीक वाटलं. चाचा आले आणि दारातूनच म्हणाले, सवारी पुढे घसरेल. बैठकीवर पाण्याची बाटली आडवी ठेवून दाखवली, ती गडगडली. ४१ इंचांवर बाटली थांबली. टेकणं पुन्हा वेल्डिंगला गेलं.

फायबरचा घोडा लावा, मुलं फोटो काढतील, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी विरोध केला आणि तो मागे घेणार नाही. जागा रिकामी दिसली की लोक घोड्याबद्दल विचारतात, आणि चाचांचं बोलणं ऐकवायला तीच वेळ बरी.

उजेड: टपाचं कापड आणि घोड्याच्या साजाचं चामडं यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर जाऊ दिलेला नाही. आत आल्यावर आधी अंधार वाटतो, मिनिटभरात डोळे सरावतात. चामड्याला तेल लावलेलं नाही, फक्त मऊ ब्रशने झाडलंय. तेलाने आज मऊ होईल, पण धूळ धरेल आणि पुढे चिकट होईल.

खर्च, आजपर्यंतचा: टेम्पो १,८००, प्लास्टिक आणि ऑक्सिजन शोषक, दोन खेपांचे मिळून ६,४००, रसायनं २,१५०, सुतारकाम ७,२००, बाभूळ १,६००, लोहार १,५००, घोड्या आणि टेकणं, वेल्डिंग दोनदा धरून ५,८००, दिवे आणि हवामापक ३,२००, किरकोळ १,९५०. एकूण ३१,६०० रुपये. माझ्या चुका झाल्या नसत्या तर पाचेक हजार वाचले असते. नंबर मात्र पैशाने परत आला नसता.

२२ जून

पाऊस लागला आहे. आर्द्रता ७८. सागाच्या फळीची चीर जवळजवळ मिटली.

नंबरचं काय करायचं यावर शेवटपर्यंत एकमत नव्हतं. फळीवर पुन्हा रंगवायचा नाही हे ठरलेलं, पण नंबर नसलेला टांगा चाचांना सहन होत नव्हता. "बिननंबरचा टांगा चौकीवर जमा करतात," ते म्हणाले. आज ते स्वतः पत्र्याचा तुकडा, पांढरा रंग आणि बारीक ब्रश घेऊन आले. निळ्या पत्र्यावर ३१८ काढला. हात थरथरत होता, ८ दोनदा पुसून काढला. तो पत्रा दिव्याच्या कांबीला तारेने अडकवला, फळीला एकही खिळा न मारता. हिरव्या पट्ट्याखाली आम्ही छोटी पाटी लावली आहे: इथे कोणते चार रंग होते, कोणत्या सिंहस्थाला कोणता चढला, आणि निळा कोणी, कधी, कसा उतरवला. माझं नाव त्यात आहे.

मग चाचांनी दोन्ही तुंब्यांत वंगण भरलं. चाकं अधांतरी आहेत, तेव्हा डाव्याला एका बोटाने ढकललं. ते बराच वेळ फिरत राहिलं, आवाज नाही. उजव्याला ढकललं. माझ्या कानाला दोन्ही सारखीच. चाचांनी कान तुंब्याजवळ नेला आणि डोकं हलवलं. आतली चामड्याची चकती नाही, लोखंडावर लोखंड घासतंय. जानेवारीत चाक ओढून काढलं तेव्हा वाळलेल्या वंगणाच्या गोळ्याबरोबर आम्ही ती कचऱ्यात टाकली असणार.

नवी चकती ते जुन्या चपलेच्या तळव्यातून कापून आणणार आहेत. पुढच्या रविवारी उजवं चाक पुन्हा उतरवायचं.